पाया आणि पाणी : अतोम्माश कारखान्याच्या इतिहासाचे एक वाचन

सोविएत राजवटीत कारखान्यांना नावे देण्याची एक ठरून गेलेली रीत होती. लांबलचक सरकारी संज्ञेतील शब्दांचे आरंभीचे तुकडे घ्यायचे आणि ते एकमेकांना जोडायचे. उराल प्रदेशातील अवजड यंत्रनिर्मितीचा कारखाना ‘उरालमाश’ झाला, रोस्तोवचा शेतीयंत्रांचा कारखाना ‘रोस्तसेलमाश’ झाला. अणुऊर्जेची यंत्रसामग्री बनविण्यासाठी दोन नदीच्या काठी जो कारखाना १९७० नंतरच्या दशकात उभारण्यात आला, त्याचे नाव याच रीतीने ‘अतोम्माश’ असे पडले. आपल्या व्याकरणातील मध्यमपदलोपी समासात गाळलेले पद वाचकाने मनात भरून घ्यायचे असते. या सोविएत जोडशब्दांतून मात्र गाळलेला भाग हळूहळू विस्मरणात जातो आणि उरलेला तुकडाच एखाद्या विशेषनामासारखा वावरू लागतो. कारखाना ज्या गावात उभा राहिला त्या गावाचे नावही असेच जोडून केलेले आहे. व्होल्गा आणि दोन या दोन नद्यांची नावे एकत्र करून वसाहतीला ‘वोल्गोदोन्स्क’ हे नाव मिळाले. वसाहत १९५० ची. नद्यांना जोडणारा कालवा वाहतुकीस खुला झाला तो जुलै १९५२ मध्ये. नद्यांचा संगम आधी नावात झाला आणि प्रत्यक्षात त्यानंतर.

शब्द आधी आणि वस्तू मागाहून, हा क्रम या परिसराच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आढळतो. प्रस्तुत निबंधात अतोम्माशचा इतिहास मुख्यतः या दृष्टीने पाहावयाचा आहे. कारखान्याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने का वाचावा, असा प्रश्न काहींना पडेल. सोविएत काळात कारखान्याचे बांधकाम हा कादंबरीचा एक मान्यताप्राप्त विषय होता, हे त्याचे सोपे उत्तर. त्याहून महत्त्वाचे कारण असे की ज्या जमिनीवर हा कारखाना उभा राहिला त्या जमिनीविषयी जे बोलणे आवश्यक होते, ते अहवालांत अडकून पडले किंवा साहित्यात अप्रकाशित राहिले. जे छापले गेले त्यात ही जमीन नव्हतीच.

प्रथम जमिनीविषयी. दोन नदीच्या खालच्या टप्प्यातील हा गवताळ मैदानी प्रदेश. येथील बांधकामाची सर्वांत जुनी लिखित हकिकत दहाव्या शतकातील बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याच्या राज्यकारभारविषयक ग्रंथात सापडते. खझार राजाने बायझंटाइन दरबाराकडे किल्ला बांधण्यासाठी साहाय्य मागितले. त्याप्रमाणे पेट्रोनास नावाचा अधिकारी इसवी सन ८३० नंतरच्या दशकात कारागीर घेऊन तेथे पोचला. पण त्या ठिकाणी बांधकामाला योग्य असा दगडच नव्हता. तेव्हा त्याने भट्ट्या घातल्या, विटा भाजल्या, नदीतील बारीक खड्यांपासून चुना केला आणि ‘सार्केल’ हा किल्ला उभारला. पुढे ९६५ मध्ये कीव्हच्या स्व्यातोस्लावने तो जिंकला. एका राजकीय ग्रंथात बांधकाम-साहित्याच्या टंचाईची ही बारीकशी नोंद यावी याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. बहुधा दूरच्या, अनोळखी मातीत बांधावे लागले ही गोष्टच दरबाराला सांगण्याजोगी वाटली असावी.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हा किल्ला जलाशयाखाली गेला. व्होल्गा-दोन कालव्याला आणि जलविद्युत केंद्राला पाणी मिळावे म्हणून दोन नदीवर त्सिम्ल्यान्स्कचे धरण बांधण्यात आले. पाणी चढण्यापूर्वी मिखाइल अर्तामोनोव यांच्या नेतृत्वाखाली १९४९ ते १९५१ या काळात सार्केलचे उत्खनन उरकण्यात आले. धरणाच्या व कालव्याच्या कामावर कैदी मोठ्या संख्येने राबविण्यात आले. अर्तामोनोव यांच्या उत्खननावरही कैदी मजूर होते. कोसॅक लोकांची अनेक जुनी गावे पाण्याखाली गेली, त्यांत त्सिम्ल्यान्स्काया हे द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेले गावही होते. पुश्किनच्या ‘येव्गेनी अनेगिन’मध्ये तात्यानाच्या नामदिनाच्या मेजवानीत जी फेसाळ वारुणी येते ती याच गावची. गाव उंचावर नव्याने वसविले गेले, मळे नव्याने लावले गेले.

कालव्याच्या सोयीसाठी वसविलेले वोल्गोदोन्स्क हे पुढची वीस-पंचवीस वर्षे एक लहानसे बंदर होते. धुण्याची चूर्णे बनविणारा रासायनिक कारखाना हा त्याचा मुख्य उद्योग. १९७० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या तीस हजारांच्या आत होती.

अतोम्माशची गरज का निर्माण झाली हे समजण्यासाठी अणुभट्ट्यांच्या दोन प्रकारांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. पहिल्या प्रकारात इंधन आणि पाणी हे दोन्ही एका प्रचंड जाडीच्या पोलादी दाबपात्रात असतात. ‘व्हीव्हीईआर’ या सोविएत भट्ट्या या प्रकारच्या. दुसऱ्या प्रकारात असे एकच पात्र नसते. ग्राफाइटच्या थरांतून शेकडो स्वतंत्र नळ्या जातात आणि प्रत्येक नळीत इंधन व पाणी असते. ‘आरबीएमके’ ही त्या प्रकारची भट्टी होय. तिचा वंश प्लुटोनियम-निर्मितीच्या लष्करी भट्ट्यांकडे जातो. तिचे भाग सुटे असल्याने ते नेहमीच्या यंत्रकारखान्यांत बनविता येत आणि जागेवर जोडता येत. पहिल्या प्रकारच्या भट्टीचे तसे नाही. हजार मेगावॉट क्षमतेच्या भट्टीचे दाबपात्र सुमारे अकरा मीटर उंच, साडेचार मीटर व्यासाचे आणि तीनशे टनांहून अधिक वजनाचे असते. घडीव पोलादाची वलये एकावर एक ठेवून जोडायची, आतून स्टेनलेस पोलादाचा थर चढवायचा, प्रत्येक जोड क्ष-किरणांनी तपासायचा आणि संपूर्ण पात्राला उष्णतेचे संस्कार द्यायचे, असे हे काम. रेल्वेच्या बोगद्यांतून व पुलांखालून जे जाऊ शकेल तेवढाच व्यास, ही मर्यादा सोविएत अभिकल्पकांनी आरंभापासून स्वीकारलेली होती. असे पात्र बनविण्याची क्षमता त्या वेळी मुख्यत्वे लेनिनग्राडजवळच्या इझोरा कारखान्यात होती. चेकोस्लोव्हाकियातील श्कोदा कारखानाही या कामात उतरत होता.

विज्ञानाच्या इतिहासकार सोन्या श्मिड यांनी चेर्नोबिलपूर्व सोविएत अणुउद्योगावरील आपल्या २०१५ च्या ग्रंथात दाखविले आहे की ‘आरबीएमके’ भट्टीची निवड हा निव्वळ अविचार नव्हता. दाबपात्रे बनविण्याची क्षमता तोकडी असताना अणुवीज वेगाने वाढवायची, तर पात्राविना चालणारी भट्टी हा तेव्हाच्या नियोजकांना उपलब्ध असलेला मार्ग होता. कोळसा आणि तेल सायबेरियात, विजेची मागणी युरोपीय रशियात व युक्रेनमध्ये, ही अडचण तर होतीच. तेव्हा अतोम्माशकडे पाहताना हे ध्यानात ठेवले पाहिजे की तो अनेक कारखान्यांपैकी आणखी एक कारखाना नव्हता. तो वेळेवर व पूर्ण क्षमतेने चालता तर ‘आरबीएमके’वरील अवलंबन कमी होण्याची वाट मोकळी झाली असती. इतिहासात ‘जर-तर’ला फार वाव देऊ नये, हे खरे. पण त्या काळातील नियोजनकर्त्यांच्या मनात हे ‘जर-तर’ स्पष्टपणे होते.

१९७० नंतरच्या दशकाच्या मध्यावर वोल्गोदोन्स्कची निवड झाली. जलमार्ग हे निवडीचे प्रमुख कारण. रेल्वेवर न मावणारी पात्रेही जलाशयातून, दोनमधून व कालव्यातून कोणत्याही समुद्रापर्यंत नेता येणार होती. दहाव्या पंचवार्षिक योजनेत (१९७६ ते १९८०) या बांधकामाला अखिल-सोविएत ‘कोम्सोमोल’ बांधकामाचा दर्जा मिळाला, म्हणजे देशभरातील तरुणांची पथके तेथे पाठविण्यात येऊ लागली. दरवर्षी हजार मेगावॉटच्या आठ भट्ट्यांची यंत्रसामग्री, हे उद्दिष्ट जाहीर झाले. मुख्य इमारत सुमारे पाऊण किलोमीटर लांब. तिच्या आत शेकडो टनांचे भार उचलणाऱ्या याऱ्या. कारखान्याचा पहिला टप्पा डिसेंबर १९७८ मध्ये कार्यान्वित झाल्याचे घोषित करण्यात आले. पहिले दाबपात्र १९८१ च्या आरंभी तयार झाले. या दोन तारखांमधील अंतराकडे लक्ष द्यावे. सोविएत बांधकामात ‘कार्यान्वित’ हा शब्द पूर्णतेचा निदर्शक असेलच असे नसे. योजनेचे वर्ष संपण्यापूर्वी तो उच्चारला जाणे हे त्या शब्दाचे मुख्य प्रयोजन होते. वर्षअखेरीस अर्धवट इमारतींचे उद्घाटन होणे हे तेथील सामान्य नागरिकालाही परिचयाचे होते, आणि आपल्याकडील वाचकालाही ते फारसे अपरिचित वाटू नये.

लहान बंदराच्या शेजारी, खाडीसारख्या एका सखल भागापलीकडे, नवे शहर उभे राहिले. तयार काँक्रीटच्या फलकांची बहुमजली घरे, रुंद रस्ते, कुर्चातोव या अणुशास्त्रज्ञाच्या नावाचा हमरस्ता. १९८९ च्या जनगणनेपर्यंत लोकसंख्या पावणेदोन लाखांवर गेली. बहुसंख्य रहिवासी तरुण आणि बाहेरून आलेले होते. त्यांच्यापैकी कोणाच्याही आजोबांनी या जमिनीत विहीर खणलेली नव्हती, ही गोष्ट पुढील घटनाक्रमात क्षुल्लक नाही.

या टप्प्यावर साहित्याकडे वळणे योग्य होईल. सोविएत साहित्यात बांधकाम-कादंबरीचा एक घट्ट साचा होता. फ्योदोर ग्लादकोवची ‘सिमेंट’ १९२५ ची, वलेन्तिन कतायेवची ‘काळा, पुढे चल!’ १९३२ ची. कॅतरिना क्लार्क यांनी ‘द सोविएत नॉव्हेल’ या १९८१ च्या ग्रंथात या साच्याचे विश्लेषण विधीच्या परिभाषेत केले आहे : नायक स्थळी येतो, अडचणी व संशयी अधिकारी भेटतात, निसर्ग आणि शत्रू अडथळे आणतात, एक बळी जातो आणि शेवटी काम पूर्ण होते. या साच्यात निसर्गाला एक भूमिका आहे, पण ती प्रतिस्पर्ध्याची आहे. वादळ येते, पूर येतो, थंडी पडते. ते सर्व दिसणारे, आवाज करणारे, पराभूत करता येण्याजोगे असते. पायाखालची माती शांतपणे खचत जाणे ही घटना या साच्यात बसत नाही. तिच्याशी झुंज देता येत नाही आणि तिच्यावर विजयाचा दिवसही ठरवता येत नाही.

अतोम्माश उभा राहिला तेव्हा हा साचा जुना झालेला होता. वृत्तपत्रे त्याला ‘शतकातील बांधकाम’ म्हणत होती. पण हा शब्दप्रयोग तोवर इतक्या बांधकामांना चिकटविला गेला होता की त्यातील शतक झिजून गेले होते. ग्लादकोव किंवा कतायेव यांच्या कृतींसारखा ठसा उमटविणारी कादंबरी अतोम्माशच्या वाट्याला आली नाही. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, वलेन्तिन रास्पूतीनची ‘मात्योराचा निरोप’ ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली होती. अंगारा नदीतील एक बेट जलविद्युत प्रकल्पासाठी बुडणार असते. म्हाताऱ्या बाया ते सोडायला तयार नसतात. मराठी वाचकाला या ठिकाणी विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ची आठवण होणे साहजिक आहे. मात्र ‘झाडाझडती’त धरणग्रस्तांची फरफट, कचेऱ्या आणि दलाल यांचे जग मध्यवर्ती आहे, रास्पूतीनमध्ये बुडणारी मातीच पात्र होऊन बसते. बांधकामाच्या जयघोषाचा काळ आणि बुडालेल्या गावांच्या शोकाचा काळ हे सोविएत साहित्यात एकाच वर्षी शेजारी शेजारी उभे होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

भारतीय वाचकांपर्यंत यांपैकी कोणता आवाज पोचत होता हेही नमूद केले पाहिजे. ‘सोविएत लँड’ या नियतकालिकाच्या मराठीसह अनेक भारतीय भाषांतील आवृत्त्या निघत. गुळगुळीत कागदावरील याऱ्या, धरणे आणि शिरस्त्राण घातलेले हसरे कामगार आमच्या पिढीतील अनेकांनी शाळेच्या पुस्तकांना घातलेल्या वेष्टनांवर पाहिलेले आहेत. तो कागद वेष्टनासाठी उत्तम होता. भिलाई आणि रांची येथील सोविएत साहाय्याने उभारलेल्या कारखान्यांमुळे त्या चित्रांना आपल्याकडे प्रत्यक्षाचा आधारही होता.

आता मातीविषयी. दोनच्या या टापूत जमिनीचा वरचा थर ‘लोएस’ या मातीचा आहे. हिमयुगात वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक धुळीपासून ती बनलेली असते. कणांच्या मध्ये पुष्कळ पोकळी असते आणि क्षार व चुन्याच्या सूक्ष्म बंधांनी ती पोकळी टिकून राहते. कोरडी असताना ही माती इतकी घट्ट असते की तिचे उभे कडे वर्षानुवर्षे तसेच राहतात. पाणी लागले की बंध विरघळतात आणि वरच्या भाराखाली माती एकाएकी बसते. धोका पाण्याचा आणि भाराचा एकत्र असतो. वोल्गोदोन्स्कमध्ये दोन्ही एकत्र आले. जलाशय भरल्यापासून परिसरातील भूजल वर चढलेले होते. घाईने टाकलेल्या पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळांतून गळती होत होती. आणि वर उभे राहत होते नऊ नि बारा मजल्यांचे शहर व त्यालगतचा अवाढव्य कारखाना.

लोएस मातीचे हे वर्तन सोविएत भूशास्त्राला ठाऊक नव्हते असे अजिबात नाही. खचणाऱ्या जमिनींवरील बांधकामाचे स्वतंत्र शास्त्र त्या देशात विकसित झालेले होते. उणीव ज्ञानाची नव्हती. चाचण्या, खोलवर नेलेले पाइल, मातीला आधी भिजवून दाबून घेणे, गळती रोखणे या सर्वांना वेळ लागतो, आणि वेळ हीच गोष्ट योजनेने आधीच खर्च करून टाकलेली होती.

इमारती असमान खचू लागल्या. १९८३ च्या जुलैमध्ये हा विषय पॉलिट ब्यूरोपुढे आला. युरी आंद्रोपोव तेव्हा सत्तेवर होते आणि शिस्तीची मोहीम जोरात होती. वोल्गोदोन्स्कमधील बांधकामात शिस्तीचे गंभीर उल्लंघन झाल्याचे संक्षिप्त निवेदन सोविएत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. उपपंतप्रधान आणि दोन दशकांहून अधिक काळ बांधकामविषयक राज्य समितीचे प्रमुख राहिलेले इग्नाती नोविकोव यांना निवृत्त व्हावे लागले. निवेदनाची भाषा अभ्यासण्याजोगी आहे. त्यात दोष शिस्तीचा आहे. माती, पाणी, नळ यांचा तपशील नाही. तपशील नसल्यामुळे अफवांना मोकळे रान मिळाले. भिंत कोसळली, संपूर्ण कारखाना जमिनीत गेला, अशा कहाण्या देशाबाहेरही पसरल्या. कारखाना जमिनीत गेलेला नव्हता. पाया पक्का करण्याचे, पाणी उपसण्याचे, इमारतींवर देखरेख ठेवण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालू राहिले आणि उत्पादनही चालू राहिले. पण वर्षाला आठ या हिशेबाने जी संख्या व्हायला हवी होती, तिच्या जवळपासही दाबपात्रांची संख्या पोचली नाही.

त्याच १९८३ च्या डिसेंबरात चेर्नोबिल येथील चौथी भट्टी सुरू झाली. ती ‘आरबीएमके’ प्रकारची होती.

वोल्गोदोन्स्कची ही हकिकत वाचताना आंद्रेई प्लातोनोव या लेखकाची आठवण टाळता येत नाही. प्लातोनोव हे व्होरोनेझ प्रांतात जमीन सुधारणेच्या खात्यात अभियंता होते. विहिरी, तळी, पाणथळ जमिनींचा निचरा हे त्यांचे रोजचे काम. १९२७ च्या ‘येपिफानची जलद्वारे’ या कथेत त्यांनी पीटर बादशहाच्या काळातील एका कालव्याची कहाणी रचली. ओका व दोन या नद्या जोडण्यासाठी इंग्रज अभियंता येतो, हजारो माणसे राबतात आणि शेवटी कालव्यात नाव चालण्याइतके पाणीच येत नाही. गावातील बायांना ते आधीपासून माहीत असते. त्यांना कोणी विचारलेले नसते. १९३० मधील ‘कोतलोवान’, म्हणजे ‘पायाचा खड्डा’, या लघुकादंबरीत सर्व श्रमिकांसाठी एकच विशाल घर बांधायचे ठरते. खड्डा खणला जातो, मग अधिक मोठा खणला जातो; घर कधीच उभे राहत नाही आणि शेवटी ज्या अनाथ मुलीसाठी ते बांधायचे असते तिलाच त्या खड्ड्यात पुरावे लागते. लेखकाच्या हयातीत हे पुस्तक छापले गेले नाही. सोविएत संघात ते १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. म्हणजे अतोम्माशची जागा निवडली जात होती, पाइल ठोकले जात होते, इमारती खचत होत्या, त्या सर्व काळात ‘पायाचा खड्डा’ हे पुस्तक रशियन भाषेत लिहिलेले होते आणि रशियन वाचकाला अधिकृतपणे उपलब्ध नव्हते.

एखादी कादंबरी उपलब्ध असती तर पाया पक्का झाला असता, असा भाबडा दावा येथे करावयाचा नाही. पण पायाविषयी शंका घेणे हे देशद्रोहाहून वेगळे असू शकते, ती कामाच्या प्रेमातूनही येऊ शकते, ही शक्यता प्लातोनोव यांच्या गद्यात जितकी जिवंत आहे तितकी त्या काळाच्या इतर लेखनात क्वचितच आढळते. त्यांची पात्रे बांधकामाची शत्रू नाहीत. ती बांधकामावर विश्वास ठेवतात, आणि म्हणूनच मातीला हात लावून पाहतात. बांधकाम-कादंबरीतील संशयी अधिकारी हा नेहमी खलपुरुष असतो. प्लातोनोव यांच्याकडे संशय हा श्रमाचाच भाग आहे. हा फरक कथनशास्त्राचा म्हणून नोंदवून थांबता येत नाही. ज्या समाजात शंकेला एकच साहित्यिक भूमिका उपलब्ध असते, तेथील अभियंत्यालाही शंका मांडताना तीच भूमिका वाट्याला येण्याची भीती असते.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलचा स्फोट झाला. अतोम्माश ज्या प्रकारच्या भट्टीची पात्रे बनवीत होता ती भट्टी निराळी, तिची सुरक्षिततेची कल्पना निराळी. परंतु लोकमताला आणि रिकाम्या होत चाललेल्या तिजोरीला हा भेद पटण्याजोगा नव्हता. नवी अणुकेंद्रे स्थगित झाली, मागण्या आटल्या. ज्या भट्टीला पर्याय देण्यासाठी कारखाना काढला, त्याच भट्टीच्या अपघाताने कारखान्याचे काम बंद पाडले. वोल्गोदोन्स्कपासून दहा-पंधरा किलोमीटरवर जलाशयाच्या काठी रोस्तोव अणुकेंद्राचे बांधकाम बरेच पुढे गेलेले होते. १९९० मध्ये स्थानिक विरोधामुळे तेही थांबविण्यात आले. अणुयंत्रे बनविणाऱ्या शहराने आपल्या शेजारी अणुकेंद्र नको म्हणावे यात विसंगती दिसते खरी. मला त्यात विसंगती वाटत नाही. ज्यांच्या घरांच्या भिंतींना तडे गेले होते त्या लोकांनी ‘सर्व काही नियंत्रणात आहे’ या वाक्याची किंमत स्वतःच्या अनुभवाने ठरविलेली होती.

१९९० नंतरचे दशक थोडक्यात सांगण्याजोगे आहे. खासगीकरण, थकलेले पगार, दिवाळखोरी, मालकीची हस्तांतरे. तेल व वायू उद्योगासाठी पात्रे, टाक्या आणि मिळेल ते काम करून कारखाना टिकून राहिला. सप्टेंबर १९९९ मध्ये वोल्गोदोन्स्कचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत आले ते निराळ्याच कारणाने. एका बहुमजली निवासी इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडविण्यात आला आणि एकोणीस माणसे मरण पावली. रोस्तोव अणुकेंद्राची पहिली भट्टी अखेर २००१ मध्ये सुरू झाली, चौथी २०१८ मध्ये.

पुढील दशकात रशियाच्या अणुऊर्जा महामंडळाच्या यंत्रनिर्मिती शाखेने अतोम्माश आपल्याकडे घेतला. जवळजवळ तीस वर्षांच्या खंडानंतर २०१५ मध्ये तेथून भट्टीचे दाबपात्र बाहेर पडले. ते बेलारूसमधील ओस्त्रोवेत्स अणुकेंद्रासाठी होते. त्या केंद्राच्या दुसऱ्या संचाचे पात्र जुलै २०१६ मध्ये उचलताना घसरून जमिनीला टेकले. बातमी प्रथम अनधिकृत वाटेने फुटली. अधिकृत कबुली त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी आली. पात्राला इजा झालेली नाही असे निर्मात्यांचे म्हणणे होते, पण बेलारूसने ते बदलून घेतले. १९८३ शी तुलना केली तर येथे एक गोष्ट बदललेली दिसते : शंका घेणारा पक्ष सीमेपलीकडचा ग्राहक होता, आणि त्याच्या शंकेला करारात स्थान होते. दुसरी गोष्ट, म्हणजे आधी मौन आणि मग निवेदन, तशीच राहिलेली दिसते.

आज अतोम्माशची पात्रे मुख्यत्वे परदेशी जातात. कुडनकुलम येथील पहिल्या दोन भट्ट्यांची दाबपात्रे इझोरा कारखान्याची. तेथील पुढच्या संचांसाठीच्या अवजड यंत्रसामग्रीत मात्र वोल्गोदोन्स्कचा वाटा आहे. बांगलादेशातील रूपपूर अणुकेंद्राच्या दोन्ही भट्ट्यांची दाबपात्रे अतोम्माशमध्ये तयार झाली. प्रत्येकी तीनशे टनांहून अधिक वजनाची ही पात्रे कारखान्याच्या धक्क्यावरून तराफ्यावर चढविली जातात आणि त्सिम्ल्यान्स्क जलाशयातून समुद्राकडे निघतात. सार्केलच्या विटा आणि कोसॅक गावांचे चौथरे याच जलाशयाच्या तळाशी आहेत. समुद्रमार्गे सुमारे चौदा हजार किलोमीटर जाऊन रूपपूरची पहिली खेप २०२० मध्ये पद्मेच्या काठी पोचली. तेथील जमीन नदीने आणलेल्या गाळाची आहे. पहिले काँक्रीट ओतण्यात आले ते नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस. त्यापूर्वीचे काम होते मातीत खोलवर सिमेंट मिसळून तिला भार पेलण्याजोगी करण्याचे.